दोन माणसांनी उचलायचं इंजिन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या मामूंचं कुर्ल्याला गॅरेज होतं. गॅरेज म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येईल, तसं काही नाही. चाळीच्या भिंतीला टेकवलेले चार पत्रे, एक लाकडी फळी, तिच्यावर ओळीनं मांडलेले पाने आणि वरच्या गर्डरला लटकणारी साखळीची कप्पी. फियाट गाडीचं इंजिन त्या कप्पीनं बॉनेटमधून वर यायचं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. इंजिन उतरवायच्या दिवशी मामू मला शाळेतून आल्या आल्या बोलावून घेत आणि हातात बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा देत. त्यावर खडूनं हेडचा आकार काढायचा, जिथे बोल्ट असेल तिथे भोक पाडायचं आणि निघालेला बोल्ट त्याच भोकात खोचून ठेवायचा. "जिथला तिथंच गेला पाहिजे," मामू म्हणत, "नाहीतर गाडी चालेल, पण आपली झोप जाईल."

एकदा मी लांब-आखूड बोल्टांची अदलाबदल केली. मामूंनी बसवताना ते ओळखलं. रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. पुढच्या वेळी मात्र पुठ्ठा शेजारच्या मुलाच्या हातात दिला. पुढे मी बी. ए. झालो, कवितांची पुस्तकं आली, पण तो पुठ्ठा काही मनातून गेला नाही.

आज मला ज्या गाडीबद्दल बोलायचं आहे, तिच्या इंजिनाला कप्पीसुद्धा लागत नाही. ते गाडीच्या मागच्या बाजूनं निघतं आणि दोन माणसं ते हातांनी उचलून फळीवर ठेवू शकतात. ही गाडी म्हणजे १९५७ साली इटलीतल्या तुरीन शहरात आलेली फियाट ५००. तिची लांबी तीन मीटरही नाही आणि वजन पाचशे किलोच्या आसपास. आपल्याकडच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीशेजारी उभी केली, तर तिचं लेकरू वाटावं. दोघींचं माहेर एकच, त्यामुळे हे म्हणणं अगदीच खोटंही नाही.

या गाडीमागचा माणूस दान्ते जाकोसा. जन्म १९०५चा, रोममधला. शिक्षण तुरीनच्या पॉलिटेक्निकमध्ये. फियाटमध्ये तो विमानांच्या इंजिनांच्या कामात होता. अख्खी मोटार त्यानं कधी आखलेली नव्हती. १९३४ साली त्याच्यावर एक लहान, स्वस्त गाडी आखायचं काम आलं तेव्हा त्याचं वय होतं एकोणतीस. त्याआधी कंपनीत अशा गाडीचा एक प्रयोग होऊन गेला होता. पुढची चाकं ओढणारी ती गाडी म्हणे चाचणीच्या वेळी चढावर पेटली, आणि त्या वेळी खुद्द मालक आन्येली आत बसलेले होते. तेव्हापासून पुढच्या चाकांना ताकद देण्याची कल्पनाच कंपनीत वर्ज्य झाली. एखाद्या घरात एकदा दूध नासलं की वर्षभर तो गवळी बंद, तसाच हा प्रकार.

जाकोसानं मग इंजिन नेऊन पुढच्या आसाच्याही पुढे ठेवलं आणि रेडिएटर इंजिनाच्या मागे, जरा उंचावर बसवला. त्यामुळे आत बसणाऱ्याच्या पायांना जागा मिळाली आणि गाडीचं नाक खाली उतरतं झालं. ५६९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद तेरा अश्वशक्ती. पाणी खेळवायला पंप नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं आणि गार झालेलं खाली येतं, एवढ्यावर भागवलं. पेट्रोलची टाकी डॅशबोर्डमागे, म्हणजे पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली यायचं आणि त्यालाही पंप नको. जी वस्तू गाडीत नाहीच, ती बिघडणार कुठून? १९३६ साली ही गाडी बाजारात आली. लोकांनी तिला 'तोपोलिनो' म्हटलं. तोपोलिनो म्हणजे छोटा उंदीर. इटलीत मिकी माऊसला याच नावानं ओळखतात. किंमत मात्र ८,९०० लिरा होती. कामगाराला वर्षभराचा पगार जसाच्या तसा साठवूनही ती घेता आली नसती. फॅसिस्ट राजवटीत 'सामान्यांची गाडी' असा गाजावाजा झाला तरी सामान्य माणूस सायकलवरच राहिला.

या तोपोलिनोचा मुंबईशी संबंध आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या. मग १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी करार झाला आणि पहिल्यांदा आली ती ही फियाट ५००. तिच्यामागून आली अकराशे. तीच पुढे वेगवेगळी नावं घेत घेत पद्मिनी झाली, आणि तिच्या जिवावर आमच्या मामूंचं गॅरेज उभं राहिलं.

आता तुरीनकडे. युद्धात शहराची वाताहत झाली. लोकांना कामावर जायला काहीतरी हवं होतं. १९४६ साली व्हेस्पा आली, तिच्यामागून लॅम्ब्रेटा. नवरा पुढे, बायको मागे, मूल मध्ये उभं, हे दृश्य आपण आपल्या गल्लीतही पाहिलेलं आहे. जाकोसाला त्या स्कूटरवरच्या कुटुंबाच्या डोक्यावर छप्पर द्यायचं होतं. १९५५ साली त्यानं मागे इंजिन असलेली फियाट ६०० काढली. पण तीही स्कूटरवाल्याच्या आवाक्याबाहेरची होती. त्याआधी, १९५३ साली, फियाटच्या जर्मनीतल्या शाखेतल्या एका तरुण कर्मचाऱ्यानं स्वतःहून एक आराखडा तुरीनला पाठवला होता. त्यात मागे लहानसं इंजिन बसवलेली दोन माणसांची गाडी होती. जाकोसानं तो धागा उचलला.

४ जुलै १९५७ रोजी नवी ५०० लोकांपुढे आली. इंजिन ४७९ सीसीचं, सिलिंडर फक्त दोन, तेही हवेवर गार होणारे. पाणी नाही, रेडिएटर नाही, रबरी नळ्या नाहीत. दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात. इंजिन त्यामुळे थरथरतं आणि आवाजही बराच होतो. पहिल्या गाडीचं छप्पर पार मागपर्यंत कापडी होतं. त्यामुळे पत्रा वाचायचा आणि आवाज वरच्या वर बाहेर जायचा. मागची सीट नव्हती, खिडक्यांच्या काचा खाली होत नव्हत्या. लोक बघायला आले आणि बघून परत गेले. इतक्या उघड्याबोडक्या गाडीसाठी पैसे मोजायला गरीबसुद्धा तयार नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं. गरिबाला स्वस्त वस्तू हवी असते. आपल्याला गरीब समजून बनवलेली वस्तू त्याला नको असते. कंपनीनं काही महिन्यांतच चूक सुधारली. काचा उघडू लागल्या, ताकद तेरावरून पंधरावर गेली. मग मात्र गाडी चालली. १९७५ पर्यंत तिचे पस्तीस लाखांहून अधिक नग निघाले.

ते कुणी काढले? इतिहासाची पुस्तकं इथे जरा घाई करतात. दक्षिण इटलीतल्या कोरडवाहू गावांतून माणसं आगगाडीनं उत्तरेला येत होती. तुरीनची लोकसंख्या १९५१ साली सात लाखांच्या आसपास होती, ती १९६१ साली दहा लाखांवर गेली. मिराफिओरीच्या प्रचंड कारखान्यात त्यांना काम होतं, पण शहरात खोली नव्हती. 'दक्षिणेकडच्यांना भाड्यानं देणार नाही' अशा पाट्या घरांवर लागल्या होत्या. पाटी न लावताही घर नाकारता येतं, हे कळायला मला तुरीनला जायची गरज पडली नाही.

तुरीनला गेलो तो वेगळ्याच कारणानं. माझी मुलगी शिकायला त्याच पॉलिटेक्निकमध्ये गेली होती. २०१८ साली मी तिच्याकडे महिनाभर राहिलो. ती राहायची त्या इमारतीच्या अंगणात एक सत्तरीपुढचे गृहस्थ दुपारभर एका फिकट निळ्या ५००शी खटपट करत असायचे. गाडी १९६८ची. मागून निळसर धूर येत होता. तो पाहिल्यावर मी गॅलरीतूनच मुलीला म्हणालो, "रिंगा गेल्यात." तिनं ते खाली उभ्या असलेल्या आजोबांना त्यांच्या भाषेत सांगितलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हातानं 'खाली या' अशी खूण केली. पुढचे चार दिवस मी वरती फक्त जेवायला गेलो.

त्या गाडीचं इंजिन कसं काढतात, ते सांगतो. आधी पुढच्या डिकीतल्या बॅटरीची तार सोडायची. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे, इंजिन मागे. तेल काढून घ्यायचं. मागचं झाकण उचलून बाजूला ठेवायचं. मग पेट्रोलची नळी, डायनामोच्या तारा, अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि स्टार्टरची केबल. या गाडीत चावी फिरवून स्टार्टर लागत नाही. दोन सीटांच्या मधला लहानसा दांडा वर ओढायचा, की तारेनं मागचा स्टार्टर खेचला जातो. मग गाडी मागून उचलून घोड्यांवर ठेवायची, बंपर आणि इंजिनामागची आडवी पट्टी काढायची. तेलाच्या टाकीखाली लाकडाचा तुकडा, त्याखाली जॅक. आता इंजिन गिअरबॉक्सला मोजक्या नटांनी धरलेलं असतं. ते सुटले, की इंजिन सरळ मागे ओढायचं.

खरी परीक्षा इथे असते. गिअरबॉक्सचा दांडा क्लचप्लेटच्या मधल्या दात्यांतून सुटेपर्यंत इंजिनाचा भार त्याच्यावर येता कामा नये. आला तर प्लेट वाकते. आजोबा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. ते सारखे "पियानो, पियानो" म्हणत होते. मला कळेना, यात वाद्य कुठून आलं! मुलगी हसून म्हणाली, "अब्बा, हळू म्हणतायत." हळूहळू सरकवत आम्ही ते बाहेर काढलं आणि उचलून फळीवर ठेवलं. माझ्या पाठीनं दोन दिवस त्याची आठवण ठेवली.

फळीवर ठेवल्यावर ते इंजिन इतकं लहान दिसलं, की त्यानं एवढी माणसं वाहिली यावर विश्वास बसेना. पंखा डायनामोच्याच दांड्यावर. एकाच पट्ट्यावर दोन्ही कामं. तेल गाळायला कागदी फिल्टर नाही. क्रँकच्या टोकाला जी पुली आहे, तीच पोकळ ठेवली आहे. ती गरगर फिरते तेव्हा तेलातली जड घाण कडेला फेकली जाऊन तिथेच चिकटते. दुधातून साय वेगळी करणारं यंत्र याच तत्त्वावर चालतं. आजोबांनी तिचं झाकण काढलं तेव्हा आत काळ्या लोण्यासारखा थर होता. तो त्यांनी बोटावर घेऊन चिमटीत चोळून पाहिला. त्यात धातूचा कण लागला तर बेअरिंग गेलं असं समजायचं. मामूही काढलेलं तेल असंच चिमटीत चोळून पाहायचे. लागला नाही. आजोबांचा चेहरा मोकळा झाला.

मग हेड उतरवलं. आणि त्या वेळी त्यांनी बाकाखालून काय काढलं असेल? पुठ्ठा. इंजिनाचा आकार काढलेला, भोकं पाडलेला, तेलानं काळा पडलेला. मी न बोलता हात पुढे केला. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

या इंजिनाची दुरुस्ती सोपी आहे, त्याचं कारण त्याच्या रचनेत आहे. आपल्या अकराशेचा ब्लॉक एकसंध. सिलिंडर झिजले की अख्खा ब्लॉक लेथवाल्याकडे न्यायचा, बोअर करायचा, मापाचे मोठे पिस्टन घालायचे. ५००चे दोन सिलिंडर म्हणजे पाकळ्यापाकळ्यांची दोन सुटी बिडाची नळकांडी. झिजली तर वर उचलायची, नवी बसवायची. आम्हीही तेच केलं. रिंगा घालताना त्यांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, नाहीतर नव्या रिंगांतूनही धूर येतो. हेडचे नट समोरासमोर, थोडे थोडे आवळत न्यायचे. गिअरबॉक्सशी जुळवताना क्लचप्लेट बरोबर मधोमध हवी, नाहीतर दोन माणसं तासभर ढकलत बसली तरी दांडा आत जात नाही. आमचा गेला नाही. पुन्हा काढलं, पुन्हा मधोमध केलं. तिसऱ्यांदा बसला.

काम चालू असताना मुलगी मधे बसून आमचं बोलणं इकडून तिकडे पोहोचवत होती. आजोबा पुल्यातले, म्हणजे इटलीच्या टाचेकडचे. १९६२ साली अठराव्या वर्षी तुरीनला आले. मिराफिओरीत लागले. मी विचारलं, "म्हणजे ही इंजिनं तुम्हीच बनवली?" ते म्हणाले, "मी उजवं दार लावायचो."

पाळीभर उजवं दार. पट्टा पुढे सरकायचा, पुढची गाडी यायची, पुन्हा उजवं दार. इंजिन दुसऱ्या विभागात व्हायचं, तिकडे जायचं काम पडायचं नाही. गाडीत बसून पुल्याला जाईपर्यंत तिच्या पोटात काय आहे, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. १९६४ साली मिलान ते नेपल्स महामार्ग पुरा झाला होता. ऑगस्टच्या सुटीत टपावर गाद्या आणि खोकी बांधलेल्या ५०० गाड्यांची रांग दक्षिणेकडे लागायची. १९७१च्या ऑगस्टमध्ये अशाच एका फेरीत त्यांची सेकंडहँड ५०० वाटेत थांबली. गॅरेजला द्यायला पैसे नव्हते. सासुरवाडीच्या अंगणात त्यांनी आणि मेहुण्यानं मिळून इंजिन बाहेर काढलं. "त्या दिवशी मला कळलं, मी नऊ वर्षं काय बनवत होतो."

हे ऐकल्यावर मी पाना खाली ठेवला.

मोटारींचा इतिहास लिहिताना आखणाऱ्याचं नाव येतं, मालकाचं येतं. यायलाच हवं. जाकोसा मोठाच माणूस होता. १९५९ साली या गाडीला आखणीसाठी इटलीतला मानाचा 'कॉम्पासो द'ओरो' पुरस्कार मिळाला, १९९६ साली तो गेला, आणि १९६८ची एक ५०० आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. त्यानं आपल्या आठवणींचं पुस्तकही लिहिलं. पण दार लावणाऱ्याला इंजिन न दाखवणारा पट्टाही त्याच इतिहासाचा भाग आहे. १९६९च्या शरद ऋतूत तुरीनचे कामगार संपावर उतरले, त्याची कारणं सांगताना पगार आणि पट्ट्याचा वेग यांची चर्चा होते. आजोबा त्या संपात होते. ते म्हणाले, पगार तर हवाच होता, पण मला बाकीची गाडीही बघायची होती. त्यांना ती पाहायला मिळाली, कारण तिचं इंजिन दोन गरीब माणसांना उचलता येत होतं. इंजिन लहान ठेवताना जाकोसाच्या मनात खर्चाचा हिशेब होता. कामगाराच्या या इच्छेला त्या हिशेबात रकाना नव्हता, तरी ती पुरी झाली.

जुनं ते सोनं, असं मला म्हणायचं नाही. या गाडीत टक्कर झाली तर वाचणं कठीण. तिचा आवाज कान किटवणारा. गिअर बदलताना दोनदा क्लच दाबावा लागे, नाहीतर दाते ओरडत. धूर तर होताच. मिराफिओरीचे दिवस परत यावेत, असं आजोबांनाही वाटत नव्हतं.

शेवटची ५०० निघाली ४ ऑगस्ट १९७५ रोजी, सिसिलीतल्या तेर्मिनी इमेरेझे इथे. ज्या दक्षिणेची माणसं उत्तरेला ओढून नेली, तिथेच अखेरीस कारखाना गेला आणि तिथेच ही गाडी थांबली. त्याच नावाची नवी गाडी २००७ साली ४ जुलैलाच आली. देखणी आहे. तिचं इंजिन पुढे आहे आणि अंगणात फळीवर काढून ठेवण्याजोगं ते नाही.

आपल्याकडे पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या तोंडावर थांबलं. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत फोटो आले. मामू तोवर नव्हते. त्यांची कप्पी माझ्या मामेभावानं केव्हाच भंगारात दिली होती. पाने मात्र ठेवले आहेत.

तुरीनमधल्या चौथ्या दिवशी संध्याकाळी इंजिन जागेवर बसलं. पुठ्ठ्यावरची सगळी भोकं रिकामी झाली होती. मी दोनदा मोजली. आजोबांनी दोन सीटांमधला दांडा वर ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं आणि अंगणातली कबुतरं उडाली. धूर आला तो पांढरट, नव्या तेलाचा, आणि पाच मिनिटांत विरला. मी गुडघ्यांवर बसून खाली वाकून पाहिलं, तर इंजिनाखाली फरशीवर तेलाचा एक थेंब. पुशरॉडच्या चार नळ्यांपैकी कुठलीतरी पाझरत होती. मी आजोबांना बोटानं दाखवलं. ते काहीतरी म्हणाले आणि आत जाऊन टोमॅटोच्या सॉसचा रिकामा डबा घेऊन आले. तो त्यांनी बरोबर त्या थेंबाखाली सरकवला.

मी मुलीला विचारलं, काय म्हणाले ते?

"म्हणाले, गळतंय म्हणजे आत तेल आहे."